चाक भिडस्त नसतं

आमच्या साहेबांनी मला भाताच्या वखारीतल्या काट्यावर पहिल्यांदा बसवलं, तेव्हा पनवेलच्या कचेरीत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. दारात गोण्या उतरत होत्या, हमालांची ये-जा चालू होती, आणि मोठ्या तागडीच्या एका पारड्यात मी, नवाकोरा इंजिनिअर, पाय दुमडून बसलो होतो. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकता टाकता वखारीचा शेठ म्हणाला, "साहेब, माल नवा दिसतो."

"नवाच आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "अजून सुकायचा आहे."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हा कोट रोज घालणार आहात?"

तो कोट वडिलांनी शिवला होता. महाडला आमचं शिंपीकामाचं दुकान होतं, आणि आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी वडिलांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून तो बेतला होता. मी म्हटलं, "हो, रोज घालीन."

"मग असू द्या. पण एकदा घातलात की मध्येच सोडायचा नाही. उन्हाळ्यातसुद्धा."

मी उन्हाळ्यातसुद्धा सोडला नाही. पनवेलच्या मे महिन्यात लोकरी कोट घालून उघड्या जीपमध्ये बसणारा माणूस म्हणून त्या काळी मला बरेच लोक ओळखत. त्याचं कारण साहेबांचं यंत्र.

ते यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. जीपच्या मागे एक लांब लोखंडी दांडा, दांड्याला एक चाक. जीप चालली की चाक मागून फरफटत यायचं आणि रस्ता जसा असेल तसं वरखाली व्हायचं. चाकाला बांधलेली तार जीपमध्ये यायची आणि एका टाकाला हलवायची. टाक कागदाच्या गुंडाळीवर रेघ काढायचा, आणि गुंडाळी फिरवायला एका मोडक्या ग्रामोफोनची चावी होती. रस्ता सपाट असला तर रेघ सरळ, खडबडीत असला तर करवतीसारखी. कचेरीत सगळे त्याला 'साहेबांची शेपूट' म्हणत. परदेशात अशी यंत्रं आहेत असं साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. चित्र लहान होतं, त्यामुळे उरलेलं त्यांनी मनाने जोडलं होतं.

यंत्राची अट एकच होती. जीप एका वेगाने चालली पाहिजे आणि जीपमधलं वजन बदलता कामा नये, कारण दांडा जीपलाच जोडलेला. पुढे ड्रायव्हर आणि साहेब, मागे गुंडाळीपाशी मी. मैलाचा दगड आला की कागदावर खूण करणं माझं काम. म्हणजे पदवी घेऊन मी इंजिनिअर झालो होतो आणि नोकरीला लागून वजन झालो होतो.

लग्नासाठी मुलगी पाहायला महाडला जायचं होतं, तेव्हा रजेचा अर्ज घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "तुमच्या जागी कोण?"

"वाळूचं पोतं ठेवा, साहेब."

"पोतं खूण करील का?"

अखेर रजा मिळाली. चार दिवसांनी परत आलो तर साहेबांनी आधी वखारीत नेलं. आईने जाताना-येताना काय काय खाऊ घातलं असेल ते काट्याने सांगितलं. शेठ म्हणाला, "मुलगी पसंत पडलेली दिसते." साहेबांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पुढचे आठ दिवस दुपारी माझा डबा उघडला की ते शेजारी येऊन उभे राहत आणि म्हणत, "भात थोडा कमी करता येईल का?"

हे सारं आज हसत लिहितो आहे, पण तेव्हा मी फार वैतागलो होतो. साहेब रागवत नसत, आवाज चढवत नसत, कुणाचा अपमान करत नसत. शिपायालासुद्धा 'तुम्ही' म्हणत. त्यामुळे त्यांच्यावर चिडायला काही धडसं कारणच सापडायचं नाही. ते फक्त थांबत नसत. कुणाच्याही टेबलावर चहा ठेवला की आधी बशीत थोडा ओतून तो कुठल्या बाजूला कलतो ते बघत. एसटीत शेवटच्या बाकावर, जिथे कुणी बसू नये तिथे, हौसेने बसत आणि हातात पाण्याने भरलेला पेला धरत. कितपत सांडलं यावरून रस्त्याची प्रकृती सांगत. शेजारचा उतारू भिजला तर त्यालाही सांगत.

माझं लग्न झाल्यावर आई पनवेलला राहायला आली, तेव्हा मी साहेबांना जेवायला बोलावलं. पाटावर बसताना त्यांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर तळवा फिरवला, दोनदा फिरवला, आणि म्हणाले, "आई, तुमचा हात आमच्या रस्त्याच्या गँगपेक्षा सरळ आहे." ते गेल्यावर आई मला म्हणाली, "साहेब भला आहे रे. पण जमिनीकडे बघून जेवतो. भाजी कशी झाली ते एकदा म्हणाला नाही."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी म्हणालं, "साहेब, रस्ता चांगलाच दिसतोय की," की ते म्हणत, "डोळा भिडस्त असतो. चाक भिडस्त नसतं." सुरुवातीला मला हे वाक्य इतकं आवडलं की मी महाडला पत्रात लिहून पाठवलं. वर्षभराने ते कानावर पडलं की माझे दात शिवशिवत.

तरी एक सांगितलं पाहिजे. कॉलेजात शिकलेलं रस्त्यावर कसं आणायचं ते मला त्यांनीच शिकवलं. खडी हातात घेऊन तिचे कंगोरे कसे पाहायचे, डांबर कधी ओतायचं आणि कधी हात आखडायचा, पाणी रस्त्यावरून कुठे जायला बघतं. माझ्यासारख्या घरातून आलेल्याला हे कुणी न मागता देत नाही. म्हणून पुढची हकीगत मला नीटच सांगायला हवी.

दिवाळीनंतर पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. ते काम ज्या गँगने केलं तिचा मुकादम जवळच्या ओवे गावचा. वयाने पन्नाशीच्या पुढे, बोलायला फटकळ, कामाला चोख. त्याचा बापही याच रस्त्यांवर मुकादम होता. साहेबांनी त्याच सुमारास अलिबागच्या मोठ्या साहेबांकडे लिहिलं होतं, की आपलं यंत्र जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांसाठी घ्यावं. मोठ्या साहेबांनी उत्तर दिलं, एक नवा रस्ता मोजून दाखवा. साहेबांनी नेऱ्याचा रस्ता निवडला.

आम्ही मोजायला गेलो. रेघ इतकी सरळ आली की साहेब गुणगुणू लागले. आणि मग गावदेवीच्या ठाणापाशी टाक एकदम उसळला. ठाण म्हणजे उंबराखाली शेंदूर लावलेला दगड, रस्त्याला अगदी लागून. परत येताना तिथेच टाक पुन्हा उसळला.

साहेबांनी मुकादमाला बोलावलं. "इथे उंचवटा आहे."

मुकादमाने रस्त्यावर उकिडवं बसून पाहिलं. "कंचा उंचवटा, सायेब? रस्ता कसा तव्यासारखा हाय."

मी दहा फुटी सरळ पट्टी आणून रस्त्यावर आडवी-उभी ठेवली. पट्टीखाली कुठे उजेड दिसेना. मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "पट्टी बसून बघते, चाक धावताना बघतं. उकरा."

मुकादमाने तेवढा तुकडा उकरला आणि पुन्हा केला. आम्ही पुन्हा मोजलं. टाक पुन्हा उसळला. पुन्हा उकरायला सांगितलं, तेव्हा मुकादम गँगमधल्या बायकांकडे वळून म्हणाला, "चला गो, देवीच्या दारात खड्डा काढायचा हाय. नवस हाय सायबांचा." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब नाही हसले. तिसऱ्या वेळी टाक उसळला तेव्हा त्यांनी अलिबागला लिहिलं, की या मुकादमाकडून काम नीट होत नाही, सांगूनही सुधारत नाही, त्याला मुकादमीवरून काढून साध्या मजुरीवर घ्यावं.

मी त्यांना म्हटलं, "साहेब, पट्टीत दोष दिसत नाही, डोळ्याला दिसत नाही. माणूस आयुष्यातून उठेल."

"मलाही वाईट वाटतं," ते म्हणाले. आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे जास्त चीड आणणारं होतं. "पण मला वाईट वाटतं म्हणून रस्ता सपाट होत नाही."

मुकादमाला चौकशीचा कागद आला तो त्याने माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाला, "इतकी वर्सं मी बायांना सांगतो, पाटी उचल, पाटी टाक. आता त्याच मला सांगतील. माज्या बापानं केलेल्या रस्त्यावर." कागदाची घडी करून त्याने टोपीत ठेवली आणि कामावर गेला.

चौकशीच्या आधी शिमगा आला. आमचा ड्रायव्हर उरणचा कोळी. शिमग्याला तो गावी गेला नाही असं एकही वर्ष नाही. साहेबांना चैन पडेना. त्यांनी ड्रायव्हरच्या वजनाचा हिशेब जुळवला, पोती भरली आणि जीप स्वतः चालवायला घेतली. मी मागे, कोटासकट. देवीचं ठाण आलं, आणि टाक उसळला खरा, पण किंचितच. आधी डोंगर येत होता, आता वारूळ आलं.

साहेबांनी जीप थांबवली, कागद पाहिला, जीप मागे नेली आणि पुन्हा निघाले. या वेळी ठाण जवळ येताच ते पुढे बघायचं सोडून मागे माझ्याकडे बघू लागले. समोरून बैलगाडी येत होती. मी ओरडलो तेव्हा त्यांनी स्टिअरिंग वळवलं.

"आत्ता तुम्ही काय केलंत?" जीप थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"ओरडलो, साहेब."

"त्याच्या आधी."

"काही नाही."

"तुम्ही पुढे वाकलात आणि कपाळाला हात लावलात."

मला खरोखर ठाऊक नव्हतं. लहानपणापासून देऊळ दिसलं की हात जातो. त्याला करणं म्हणत नाहीत, त्याची आठवण राहत नाही.

ड्रायव्हर शिमग्याहून परत आल्यावर साहेब पुढच्या बाकावर बसून साऱ्या रस्ताभर त्याच्या पायाकडे बघत राहिले. ठाण आलं. ड्रायव्हरचा उजवा हात छातीला लागला, मान खाली झाली आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद निघाला. जीपने नाक खाली केलं, शेपूट उडाली, टाक उसळला.

"पाय का काढलात?" साहेबांनी विचारलं.

"कुटं काढला, सायेब?" ड्रायव्हर म्हणाला. "मी पाय नाय काढला."

"पुन्हा चला. या वेळी नमस्कार करू नका."

ड्रायव्हर घाबरला. न करायचं म्हणून त्याने इतक्या घाईने ठाण ओलांडलं की कागदाला भोक पडलं. खाली उतरून तो मला हळूच म्हणाला, "देवीसमोरून तोंड फिरवून पळालो मी. उद्या गाडी उलटली तं सायेब भरून देनार हाय का?"

साहेबांनी हे ऐकलं. जरा विचार केला. मग जीप ठाणापाशी नेऊन उभी केली आणि म्हणाले, "उतरा दोघेही. काय नमस्कार करायचा तो करून घ्या. सावकाश करा, पोटभर करा. काही शिल्लक ठेवू नका." आम्ही दोघांनी देवीपुढे डोकं टेकलं. ते स्वतः बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, दगडापुढे हात न जोडणारे. टोपी नीट करून आमच्या मागे अदबीने उभे राहिले. मग आम्ही मागे गेलो, वेग धरला आणि ठाणावरून गेलो. रेघ सरळ आली. दुसऱ्यांदाही सरळ आली.

रस्त्याच्या कडेला मुकादम उभा राहून हे सगळं बघत होता. "काय झालं, सायेब?" त्याने विचारलं. साहेबांनी गुंडाळी काखेत मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला, कचेरी." मी म्हटलं, त्याला सांगा तरी. ते म्हणाले, "मी त्याच्याविरुद्ध लिहिलं ते अलिबागला. तिथे लिहूनच पुसलं पाहिजे. इथे तोंडाने सांगून त्याला खोटा धीर कशाला द्यायचा?" संध्याकाळी मीच ओव्याला जाऊन मुकादमाला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

चौकशी शनिवारी ठेवलेली होती. साहेब शनिवार पाळत. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते गाडीत बसत नसत आणि हातात पेन धरत नसत. म्हणून आम्ही शुक्रवारीच निघायचं ठरवलं. मी सकाळपासून त्यांच्या मागे लागलो होतो, की जबाब आत्ताच लिहून टाका. पण त्यांना खात्रीसाठी आणखी एकदा मोजायचं होतं. मोजून झालं तोवर एसटीची वेळ झाली. "बसमध्ये लिहितो," ते म्हणाले.

बसमध्ये ते शेवटच्या बाकावर बसले. पेणच्या पुढे मिठाच्या गाड्यांची रांग आडवी आली, बस तिथे बराच वेळ अडकली, पण तेव्हा साहेब खाली उतरून रस्ता बघत होते. अलिबाग जवळ आलं, सूर्य झाडांत गेला, तेव्हा मी पुढच्या बाकावरून उठून मागे गेलो. "झालं लिहून?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. त्यावर एक अक्षर नव्हतं. वरपासून खालपर्यंत वेड्यावाकड्या रेघा होत्या.

"बस इतकी हलत होती की अक्षर निघेना," ते म्हणाले. "मग मी पेन्सिल नुसती टेकवून धरली. पेण ते अलिबाग आहे हे. वडखळच्या पुढे बघा काय अवस्था आहे."

माणसाची नोकरी त्या कागदावर होती, आणि कागदावर वडखळचे खड्डे होते.

शनिवारी ते आपल्या मावसभावाच्या घरून चालत कचेरीत आले. मुकादम सकाळच्या एसटीने आला होता. धुतलेला सदरा घालून तो पायरीवर बसला होता. मोठे साहेब कामसू आणि कडक. साहेबांनी त्यांना सगळं तोंडी सांगितलं. देवीचं ठाण, ड्रायव्हरचा पाय, माझा हात. मोठ्या साहेबांनी ते न हसता ऐकलं आणि म्हणाले, "ठीक. लिहून द्या."

"आज लिहीत नाही मी."

"मग कधी? उद्या सकाळी मी दौऱ्यावर निघतो. त्याआधी हे प्रकरण मला संपवायचं आहे. माझ्यापुढे तुमचं पहिलं लिखाण आहे. त्यावर मी निर्णय देईन."

"मी लिहितो," मी मध्येच म्हणालो. "साहेबांनी सही करावी."

"सही म्हणजे लिहिणंच," आमचे साहेब म्हणाले.

मोठे साहेब माझ्याकडे बघत होते, मी साहेबांकडे, साहेब खिडकीबाहेर. शेवटी मोठे साहेब उठले. "संध्याकाळी बंगल्यावर या. मी जेवायला बसेपर्यंत थांबतो. पुढे नाही."

संध्याकाळी आम्ही तिघं बंगल्याच्या व्हरांड्यात होतो. समोर समुद्र, सूर्य बुडालेला. टेबलावर दौत, टाक आणि कोरा कागद मांडून ठेवला होता. आतून ताटांचा आवाज येऊ लागला. साहेब अंगणात जाऊन मान वर करून उभे राहिले. पश्चिमेला एक ठळक ठिपका चमकत होता.

"साहेब, दिसली एक," मी म्हटलं.

"तो शुक्र आहे. ग्रह धरत नाही."

मुकादमाने मला कोपराने ढोसलं. "काय मोजतो?"

"चांदण्या. तीन दिसल्या की लिहितील."

तोही उठला, अंगणात जाऊन साहेबांच्या शेजारी उभा राहिला आणि वर बघू लागला. "ती बगा, माडाच्या शेंड्याला."

"बघितली. एक."

"आन ती तिकडं, डोंगराच्या अंगाला."

"दोन," साहेब म्हणाले. आत मोठे साहेब पाण्याचा तांब्या मागत होते. त्यांनी ताटावर बसू नये म्हणून मी दारात आडवा उभा राहिलो. तेवढ्यात अंगणातून "तीन" ऐकू आलं आणि साहेब व्हरांड्यात आले, खुर्ची ओढली आणि न थांबता लिहू लागले. सही केली, वाळूने शाई टिपली आणि कागद आत पाठवायला माझ्याकडे दिला.

त्यात लिहिलं होतं की नेऱ्याच्या रस्त्यावर दिसलेला उंचवटा रस्त्यात नसून गाडीत होता. मुकादमाचं काम निर्दोष आहे. मुकादमाविरुद्धचं आपलं लिखाण चुकीचं होतं. आणि आपण सुचवलेलं यंत्र, त्यात बसणाऱ्या माणसांच्या सवयी लक्षात घेण्याची सोय होईपर्यंत, खात्याने घेऊ नये.

मोठ्या साहेबांनी उभ्यानेच ते वाचलं, शेवटच्या ओळीवर थोडे थांबले, आणि म्हणाले, "हे शेवटचं लिहायची गरज नव्हती."

"होती," साहेब म्हणाले.

कागद ठेवून घेण्यात आला. मुकादमाची मुकादमी राहिली. फाटकाबाहेर आल्यावर मुकादमाने मला विचारलं, कागदावर काय काय होतं. मी त्याला ओळीने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपीतला घडी केलेला कागद काढून फाडला आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"म्हंजे रस्ता चांगला व्हता."

"हो."

"ह्ये मी पयल्याच दिशी बोललो व्हतो, सायेब."

"बोलला होतात," साहेब म्हणाले. "मोजलं नव्हतं."